ईपीओ इंजेक्शन: चार स्टार, पाचवा बीपीने खाल्ला

डायलिसिसवर असलेल्यांना ईपीओ म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: रक्त तयार करायला सांगणारं हार्मोन किडनी बनवते. किडनीने हात वर केले की तेच बाहेरून टोचून घ्यायचं. मी नाशकात पोळीभाजी केंद्र चालवते, माल पारखल्याशिवाय घेत नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी गुण. हिमोग्लोबिन सातवर होतं तेव्हा कणीक मळता मळता स्टूल ओढून बसावं लागायचं आणि नुसतं पडून राहिलं तरी छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचं हृदय ओव्हरटाइम करतंय." रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशीच कमी, म्हणून शरीर रक्तवाहिन्या सैल सोडतं आणि हृदय भराभर, जास्त रक्त ढकलत राहतं. असं वर्षानुवर्षं चाललं की डावा कप्पा मोठा आणि जाड होतो. सुई लागू पडली, हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेलं, धडधड थांबली. तव्यापुढे परत उभी राहिले. 1989 मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. त्याआधी बाटलीमागून बाटली रक्त चढवायचे. ट्रान्सप्लांटच्या रांगेतल्यांनी तर रक्त चढवणं जमेल तितकं टाळलेलंच बरं, कारण त्याने अँटिबॉडी तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

आता खोट. सैल सुटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात, रक्तही दाट होतं, आणि बीपी चढतं. माझं वरचं 140 च्या आसपास असायचं, ते 170 ला टेकलं. डोस कमी केला, ड्राय वेट (डायलिसिसमध्ये जादा पाणी काढून जिथवर आणायचं ते वजन) थोडं खाली आणलं, एक गोळी वाढली, तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

शेजारच्या बेडवरचे काका दर वेळी विचारतात, "मग हिमोग्लोबिन चौदापर्यंत का नाही नेत?" काका, अमेरिकेत ते करून पाहिलंय. हृदयविकार असलेले बाराशेवर डायलिसिस पेशंट. निम्म्यांचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का; 42 म्हणजे हिमोग्लोबिन साधारण चौदा) 42 पर्यंत न्यायचं, बाकीच्यांचं 30 वर ठेवायचं. 1998 साली निकाल छापून आला. 42 वाल्या गटात मृत्यू आणि हार्ट अटॅक जास्त दिसू लागले म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) किंवा ग्राफ्टमध्ये (तीच वाट, पण कृत्रिम नळीची) गुठळी झालेले त्या गटात 39 टक्के, दुसऱ्यात 29. फिस्टुला बंद पडणं म्हणजे काय, हे ज्याच्या हातात आहे त्यालाच कळतं. मी रोज सकाळी चहाआधी थ्रिल, म्हणजे फिस्टुलावर बोटांना लागणारी थरथर, चाचपते. आमचे डॉक्टर साडेअकराच्या वर जाऊ देत नाहीत, आणि मीही हट्ट धरत नाही.

सेंटरच्या सिस्टरना मात्र पाचपैकी पाच. बीपी पाहिल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत. जास्त असेल तर आधी डॉक्टरांना फोन. लोह कमी असेल तर ईपीओ वाया जातं, म्हणून फेरिटिनचा (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा) रिपोर्टही त्याच मागून घेतात.

एका मेडिकलवाल्याला शून्य. 2 ते 8 अंशांत ठेवायचं औषध त्याने भर मे महिन्यात साध्या कॅरीबॅगमध्ये हातात दिलं. मी तिथेच परत केलं. आता दुसरीकडून घेते, आणि आइसपॅक घातलेला डबा घरूनच नेते.