आधी काय शिकायचं: व्हिडिओ करणं की कागद तपासणं?

वस्तीत किंवा पाड्यावर हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्याला नवं काही शिकायला फार तर संध्याकाळचा तासभर मिळतो. त्यात मोबाइलवर चांगला व्हिडिओ करायला शिकावं, की हाती आलेला मजकूर तपासायला? एकच निवडायचं तर माझं मत तपासणीला.

व्हिडिओ लवकर जमतो आणि लवकर पोचतो. गळकं अंगणवाडीचं छप्पर, कोरडा नळ दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. स्थानिक पत्रकारही तो बघून फोन करतात. पण निराधार योजनेचं अनुदान अडलं किंवा वनहक्काचा दावा फेटाळला गेला, तर सरकारी कचेरीत विचारतात, कुठल्या जीआरनुसार, म्हणजे कुठल्या शासन निर्णयानुसार?

तिथे तपासणी कामाला येते. महाराष्ट्र शासनाच्या जीआरवर १८ आकडी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, तारखेनं होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जीआर हाती आला की हा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर शोधायचा. सापडला नाही तर खात्री होईपर्यंत तो कागद लोकांना वाटायचा नाही. सापडला तरी त्यावर नंतर शुद्धिपत्रक किंवा नवा जीआर आलाय का, हे बघायचंच. बरेच जण इथेच अडकतात. माहिती अधिकाराचा अर्जही याच शिक्षणाचा भाग: एक विषय, १५० शब्दांची मर्यादा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ऑनलाइनही करता येतो.

न तपासण्याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. मर्यादेनं वेग कमी होतो, खरं-खोटं कळत नाही. ते गावात कुणाला तरी विचारावं लागतं, आणि लोक आशाताईंना विचारतात, तुम्हाला विचारतात.

व्हिडिओचा धोका वेगळा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अत्याचारग्रस्त किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. चेहरा धूसर केलात तरी गणवेश आणि गावाची कमान दिसतेच. एकदा पसरलेला व्हिडिओ परत घेता येत नाही.

संस्थेत जीआर वाचणारं माणूस आधीच असेल, किंवा तुमचा प्रश्न रस्ता-पाण्यासारखा डोळ्यांना दिसणारा असेल, तर खुशाल व्हिडिओपासून सुरुवात करा. मात्र टाकण्याआधी तो त्यातल्या माणसांना दाखवा, कुठे जाणार ते सांगा आणि नको म्हणाले तर काढून टाका. जीआरचा आधार असेल तर संकेतांक व्हिडिओखाली लिहा, म्हणजे बघणाऱ्यालाही तो तपासता येईल.