झेरॉक्सच्या दुकानातला फायरफॉक्स: पाचपैकी चार

कळव्यात आमचं झेरॉक्स, प्रिंटआउट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवर दोन कॉम्प्युटर आणि दोन्हींवर फायरफॉक्स हा ब्राउझर. घरच्या ब्राउझरनं सगळं लक्षात ठेवावं, पासवर्ड आपणहून भरून द्यावा, असं लोकांना वाटतं. मला नेमकं उलटं हवंय. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आत मागच्याचं काहीही ब्राउझरच्या ध्यानात राहता कामा नये. मी फायरफॉक्सला तेवढ्याच कसोटीवर घासतेय. कोणता ब्राउझर किती सेकंदांत उघडतो, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

सायबर कॅफेत किंवा ऑफिसातल्या सामाईक कॉम्प्युटरवर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. मोबाइल नंबरच्या चौकटीत ९८ टाइप केलं की खाली आधीच्या लोकांच्या नंबरांची रांग लागते. ईमेलचंही तेच. हा चोरी-बिरीचा प्रकार नाही, ब्राउझर आपल्या परीनं मदतच करत असतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त गेलात की हिस्टरीच्या भागात ‘कस्टम सेटिंग्ज’ निवडता येतं. तिथली ‘सर्च अँड फॉर्म हिस्टरी’ची खूण काढली की ही रांग बंद होते. तिथंच पासवर्ड, पत्ता आणि कार्डाचे नंबर साठवण्याच्याही खुणा आहेत, त्याही काढल्या. त्यामुळे ‘ताई, हे पासवर्ड सेव्ह करू का विचारतंय, करू?’ हा प्रश्न दुकानातून हद्दपार झाला. काकालोक हो म्हणायला फार उत्सुक असतात.

पण मी या ब्राउझरच्या प्रेमात पडले ती ‘फर्गेट’ बटणामुळे. ते आपणहून दिसत नाही. वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ उघडायचा आणि ते बटण ओढून पत्त्याच्या चौकटीशेजारी आणून ठेवायचं. दाबलं की ते विचारतं, शेवटची पाच मिनिटं विसरू, दोन तास की चोवीस तास? निवडलं की तेवढ्या वेळातली हिस्टरी आणि कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, लॉगिनही त्यांच्यावरच टिकतं) पुसल्या जातात, सगळ्या खिडक्या बंद होऊन एक कोरी खिडकी उघडते. बुकमार्कना धक्का लागत नाही, त्यामुळे आधार, डिजिलॉकर, टोरंटचं विजेचं बिल, सीईटी सेल, अकरावी प्रवेश हे वरच्या पट्टीवर जागच्या जागी राहतात. लाडक्या बहिणींची ई-केवायसी चालू होती तेव्हा रांग दुकानाबाहेर गेलेली, आणि प्रत्येक बाईनंतर फक्त एक बटण. खोट एवढीच की ते सगळ्याच खिडक्या बंद करतं. दुसऱ्या कुणाचा अर्धा भरलेला फॉर्म बाजूला उघडा असेल तर तोही गेला. म्हणून एका कॉम्प्युटरवर एका वेळी एकच माणूस, हा आमचा नियम.

मग खासगी खिडकीच का नाही वापरत, असं भाचा विचारतो. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की ती उघडते आणि बंद केली की विसरते, हे खरं. पण ती बंद केली तर! शिवाय दोन खासगी खिडक्या उघडल्या म्हणजे दोन वेगळे गाळे झाले असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. शेवटची खासगी खिडकी बंद होईपर्यंत सगळ्या मिळून एकच लॉगिन वापरतात. एका खिडकीत कुणाचं ईमेल उघडं राहिलं तर दुसरीतही ते उघडंच.

आणि ब्राउझर, खासगी असो वा फर्गेट दाबलेला, डाउनलोड झालेली फाइल आपणहून पुसेलच असं नाही. दुकानातला खरा धोका हाच. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला. फाइल पडून राहिली की ओळखीच्या कुणालाही उघडता यावी. म्हणून प्रिंट निघाली की गिऱ्हाइकासमोरच शिफ्ट-डिलीट, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही जात नाही. जमेल तिथं मी मास्क्ड आधारच काढून देते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. व्हॉट्सॲप वेबवरून प्रिंट काढणाऱ्यांना मात्र मी दारातून परत बोलावते. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा, आमचा कॉम्प्युटर दिसतोय तो काढून टाका, मग जा.

जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन, ब्राउझरला जोडायचं एक ॲड-ऑन, म्हणजेच एक्स्टेन्शन. हे फुकट आहे आणि फायरफॉक्समध्ये अजून पूर्ण ताकदीनं चालतं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिथं ते बंद पडलं, आता तिथं ‘लाइट’ नावाची हलकी आवृत्ती मिळते. दुकानात याचा उपयोग डोळ्यांना शांतता मिळावी एवढाच नाही. निकालाच्या दिवशी मुलं साइटचं नाव टाइप करून शोधतात आणि वरच्या जाहिरातीवर किंवा भल्यामोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’वर क्लिक करतात. ती जाहिरात दिसलीच नाही तर निम्मा घोळ टळतो. घेताना फायरफॉक्सच्या ॲड-ऑन्सच्या पानावरूनच घ्या आणि नाव पूर्ण वाचा, कारण ओरिजिन नसलेलं नुसतं यूब्लॉक वेगळं आहे.

‘ही साइट नोटिफिकेशन पाठवू इच्छिते’ हा प्रश्न तर मी मुळातूनच बंद केलाय. पर्मिशन्समध्ये नोटिफिकेशन्सच्या सेटिंग्ज उघडल्या की तळाशी तशी खूण आहे. ‘माझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, कोपऱ्यात सारखं येतंय’ म्हणत येणाऱ्यांपैकी कित्येकांनी कधीतरी या प्रश्नाला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. त्या साइटची परवानगी काढली की व्हायरस पळाला. याचे पैसे घेत नाही.

आता चौथ्या ताऱ्यानंतर हात का आखडला ते सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं वापराच्या नव्या अटी आणल्या, माहिती विकत नाही हे जुनं छातीठोक वाक्य मागे घेतलं आणि ओरड झाल्यावर अटींची भाषा बदलली. खासगीपणाचं नाव घेणाऱ्यांकडून हे बरं वाटलं नाही. नवी टॅब उघडली की प्रायोजित शॉर्टकट दिसतात, तेही आपणच बंद करायचे. कुकीजना साइटमागून साइट आपला माग काढू न देणारं ‘टोटल कुकी प्रोटेक्शन’ २०२२ पासून सगळ्यांना आपोआप चालू आहे, हे मात्र चांगलं. एका साइटची कुकी तिच्याच डब्यात राहते.

४ जीबी रॅमवर फायरफॉक्सही धापा टाकतो. आम्ही ८ केली. आत एक जुना विंडोज ७ वाला कॉम्प्युटर आहे. त्यावर फायरफॉक्सची ११५ ही शेवटची आवृत्ती चालते. क्रोमनं तर १०९ वरच हात टेकले. त्या कॉम्प्युटरवर फक्त पेन ड्राइव्हमधल्या प्रिंट काढते, बँक किंवा आधार उघडू देत नाही. बाहेरच्या दोनपैकी एक विंडोज १० वर होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा तोही बदलून घेतला. ब्राउझर कितीही नवा असला तरी खालची जमीन पोकळ नको.

राहिली एक सरकारी साइट, नाव घेत नाही. फायरफॉक्समध्ये तिचं जन्मतारखेचं कॅलेंडरच उघडत नाही. हा दोष फायरफॉक्सचा की साइट बनवणाऱ्याचा यात मी पडत नाही, गिऱ्हाइकाला तारीख भरून हवी असते. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर ठेवलाय. काम झालं की त्यात कंट्रोल-शिफ्ट-डिलीट, वेळ ‘ऑल टाइम’, सगळ्या चौकटींवर खूण आणि क्लिअर. मग पुढचा नंबर.