कारखान्यांना माल विकणाऱ्या गोव्यातील लघुउद्योजकाने कोणता डेटा प्लॅटफॉर्म निवडावा?

कुंडई, मडकई, बेतोडा किंवा थिवीच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणाऱ्या उद्योजकाला आजकाल डेटा विकणाऱ्यांचे फोन नेमाने येतात. कोणी सूचीच्या संकेतस्थळाचे वार्षिक सदस्यत्व विकतो, कोणी कंपन्यांच्या नोंदींचे भांडार, कोणी पर्चेस मॅनेजरांचे मोबाइल क्रमांक, तर कोणी आयात-निर्यातीचा तपशील. या चार प्रकारांची, आणि त्यांच्या जोडीला सरकारी संकेतस्थळांवर फुकट किंवा नाममात्र शुल्कात मिळणाऱ्या नोंदींची, तुलना येथे केली आहे. ती टाकी, व्हॉल्व्ह, खोका, गॅस्केट, पॅनेल असा माल दुसऱ्या कारखान्याला विकणाऱ्यांपुरती मर्यादित आहे. सॉफ्टवेअर किंवा सल्ला विकणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो.

तुलनेचा मुख्य निकष मी एकच धरला आहे: त्या प्लॅटफॉर्मला कंपनी दिसते की कारखाना दिसतो? इतर राज्यांत हा भेद काही अंशी दुय्यम ठरेल, परंतु गोव्यात तोच निर्णायक आहे. वेर्ण्यातील सिप्ला आणि ल्युपिन, कोलवाळचा ग्लेनमार्क यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत आहेत. उसगावला टायर बनवणाऱ्या एमआरएफचे चेन्नईत आणि तेथीलच नेस्लेचे दिल्लीत. म्हणजे गोव्यातील ज्या कारखान्यांची खरेदी मोठी आहे, ते बहुतेक प्लॅटफॉर्मवर ‘राज्य: गोवा’ अशी चाळणी लावताच यादीतून गळून पडतात. उलट पणजीचा पत्ता असलेल्या, पण कारखाना नसलेल्या खाण, व्यापार आणि बांधकाम क्षेत्रातील कंपन्या मात्र यादीत राहतात. विक्रेत्याने दाखवलेली नमुना यादी भरगच्च दिसते ती पुष्कळदा यामुळेच.

सूचीची संकेतस्थळे

इंडियामार्ट आणि ट्रेडइंडिया ही दोन्ही १९९६ सालापासूनची, आणि आपल्याकडील उद्योजकांना सर्वाधिक परिचित. विक्रेता मालाची सूची लावतो, खरेदीदार आपली गरज नोंदवतो आणि ती गरज एकाच वेळी अनेक विक्रेत्यांपुढे जाते. वर्गणीची श्रेणी जितकी वरची, तितके सूचीतील स्थान आणि पाहता येणाऱ्या चौकशांची संख्या वाढते.

या प्रकाराची जमेची बाजू मोठी आहे: गरज आहे असे खरेदीदाराने स्वतः सांगितलेले असते. पुढे येणारे बाकीचे सर्व प्रकार गरज कोणाला असू शकेल याचा फक्त अंदाज देतात. अडचण अशी की चौकशी करणारा पुष्कळदा प्रत्यक्ष वापरणारा नसून मधला व्यापारी असतो, आणि त्याला चार-पाच भाव जमवायचे असतात. ठरावीक मापाचा, ठरावीक भावाचा माल असेल आणि कोटेशन काही मिनिटांत पाठवता येत असेल, तर हे चालते. ड्रॉइंगप्रमाणे घडवण्याच्या मालात मात्र ‘एसएस टाकी पाहिजे, भाव कळवा’ एवढ्या एका ओळीवर काहीच सांगता येत नाही. क्षमता, पोलादाची ग्रेड, दाब आणि आतील फिनिश विचारता विचारता समोरचा निघून गेलेला असतो.

नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. हा माल हलका पण जागा खाणारा असल्यामुळे वाहतूकखर्च लवकर अंगावर येतो, आणि कुंडईत बनलेला खोका सिंधुदुर्ग किंवा बेळगावच्या फार पुढे परवडत नाही. राजकोट किंवा लुधियान्याहून आलेली चौकशी कितीही खरी असली तरी या कारखानदाराच्या उपयोगाची नाही, आणि वर्गणीत तिचीही किंमत धरलेली असते. तरीही विनामूल्य सूची प्रत्येकाने लावावी असे मी म्हणेन, कारण कारखान्यातील मेंटेनन्सचा माणूस गुगलवर शोधतो तेव्हा वर येणारी पाने बहुधा याच संकेतस्थळांची असतात. पैसे भरून वरची श्रेणी घेणे हा पुढचा, स्वतंत्र प्रश्न आहे.

कंपनी-नोंदींची भांडारे आणि त्यांचा मूळ झरा

टॉफलर, झौबा कॉर्प, प्रोब४२ यांसारख्या सेवा मुख्यतः कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे कंपन्यांनी दाखल केलेल्या कागदपत्रांवर उभ्या आहेत. ताळेबंद, संचालक, भागभांडवल आणि कर्जावरील तारण ही माहिती तेथे मांडून, शोधता येईल अशा रूपात मिळते. मूळ नोंदी मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावरही पाहता येतात. प्राथमिक तपशील विनामूल्य आहे आणि एखाद्या कंपनीची दाखल कागदपत्रे अल्प शुल्क भरून उघडता येतात. म्हणून वर्गणी भरताना आपण माहितीचे नव्हे, तर ती चाळण्याच्या सोयीचे पैसे देत आहोत हे ध्यानात असावे. पन्नास-साठ कंपन्यांवर लक्ष ठेवायचे असेल तर मूळ झऱ्यावर जाणे पुरते. अनेक राज्यांतील हजारभर कंपन्या चाळायच्या असतील तरच सोयीचे मोल वसूल होते.

वर सांगितलेला दोष येथे सर्वांत ठळक आहे. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकात राज्याची दोन अक्षरे असतात. गोव्याला नोंदलेल्या कंपनीसाठी ती ‘जीए’, मुंबईच्या कंपनीसाठी ‘एमएच’. चाळणी याच अक्षरांवर किंवा नोंदणीकृत पत्त्यावर चालते. शिवाय भागीदारीतील आणि एकट्याच्या मालकीचे कारखाने या नोंदींत नसतातच. काजू भाजण्याच्या भट्ट्या, बेकऱ्या, बर्फाचे छोटे कारखाने यांना यंत्रसामग्री विकणाऱ्याला येथे जवळपास काही मिळणार नाही.

असे असूनही, यंत्रसामग्री किंवा फॅब्रिकेशन विकणाऱ्यासाठी हा प्रकार मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि त्याचे कारण ताळेबंद नसून तारणाची नोंद हे आहे. ताळेबंद शिळा असतो: मार्चअखेर संपलेल्या वर्षाची वार्षिक सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते, त्यानंतर महिन्याभराने हिशेब दाखल होतात, आणि तोपर्यंत त्या वर्षी घेतलेली यंत्रे बसून चालू झालेली असतात. बँकेकडून मुदतकर्ज घेतल्यावर तारणाची नोंद मात्र एरवी तीस दिवसांत करावी लागते. त्या अर्जात रक्कम असते, बँकेचे नाव असते, आणि तारण दिलेल्या मालमत्तेचे वर्णनही असते. जमीन किंवा इमारत गहाण असेल तर भूखंड क्रमांक आणि वसाहतीचे नाव सापडते. मुंबईला नोंदलेल्या कंपनीचा वेर्ण्यातील विस्तार कळण्याची ही एक खात्रीची जागा आहे. ताळेबंदात पाहायचेच असेल तर ‘भांडवली काम प्रगतिपथावर’ हा आकडा पाहावा; तो वर्षभरात फुगला असेल तर कोठेतरी बांधकाम चालू आहे. अर्थात रोख पैशाने विस्तार करणाऱ्या मोठ्या औषध कंपन्यांना तारण द्यावेच लागत नाही, त्यामुळे येथे न दिसलेला विस्तार झालाच नाही असे मानता येत नाही.

ती उणीव पर्यावरण मंजुरीच्या नोंदी काही प्रमाणात भरून काढतात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली येणाऱ्या प्रकल्पांचे अर्ज परिवेश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात, आणि औषधांचा मूळ घटक बनवणारे कारखाने त्या अधिसूचनेच्या कक्षेत आहेत. अर्जासोबतच्या अहवालात बॉयलर, इंधन, पाण्याची गरज आणि सांडपाणी प्रक्रियेची क्षमता लिहिलेली असते. सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्या बनवणाऱ्याला यापेक्षा नेमका कागद कोणतेही खासगी भांडार देणार नाही, आणि हा फुकट आहे.

कारखान्याचा पत्ता पक्का करण्यासाठी वस्तू व सेवा कराचे संकेतस्थळ वापरावे. प्रत्येक राज्यासाठी वेगळी नोंदणी लागत असल्यामुळे मुंबईच्या कंपनीचा गोव्यात कारखाना असेल तर तिच्याकडे ‘३०’ ने सुरू होणारा क्रमांक असतो. महाराष्ट्राचा ‘२७’ आणि कर्नाटकाचा ‘२९’. क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे म्हणजे त्या कंपनीचा पॅन. त्या पॅनवर शोध घेतला की कोणकोणत्या राज्यांत नोंदणी आहे ते कळते, आणि गोव्याच्या क्रमांकावर व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिसते. विवरणपत्रे वेळेवर भरली जातात की नाही हेही तेथे पाहता येते. नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्याआधी ही दोन मिनिटे खर्च करायला हरकत नाही. काजू किंवा बेकरीतल्या भागीदारीच्या पेढीचे नाव कळले असेल, तर तिचीही पडताळणी येथेच होते.

माणसांची भांडारे

लिंक्डइन सेल्स नॅव्हिगेटर, अपोलो, झूमइन्फो यांचा विषय कंपनी नसून तिच्यातील माणूस आहे. गोव्याच्या बाबतीत यांचा, विशेषतः लिंक्डइनचा, एक अनपेक्षित फायदा आहे: चाळणी माणसाच्या राहत्या ठिकाणावर लावता येते. कंपनी मुंबईची असली तरी तिचा वेर्ण्यातील इंजिनिअरिंग प्रमुख स्वतःचे ठिकाण गोवा असेच लिहितो, आणि नोंदींच्या भांडारातून गळलेला कारखाना येथे माणसाच्या वाटेने परत सापडतो.

याच्या मर्यादाही पारंपरिक उद्योगात लवकर जाणवतात. गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह कोणता लावायचा हे ज्याच्या शब्दावर ठरते तो मेंटेनन्सचा जुना माणूस लिंक्डइनवर फारसा फिरकत नाही, आणि तरुण पर्चेस ऑफिसरची नोकरी बदलली तरी जुनी ओळख भांडारात तशीच राहते. औषध कारखान्यात तर माणूस सापडूनही वाट लांब असते: औषधाला स्पर्श करणारा भाग नव्या पुरवठादाराकडून घ्यायचा तर मालाची प्रमाणपत्रे, कारखान्याचे ऑडिट आणि बदलाची लेखी मंजुरी यांतून जावे लागते, आणि व्हेंडर कोड (पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक) पुष्कळदा मुख्यालयातून उघडला जातो. म्हणून अशा भांडाराची वर्षभराची वर्गणी लघुउद्योगाला क्वचितच परवडते. आधी कारखान्यांची यादी पक्की करून एक-दोन महिन्यांपुरते सदस्यत्व घेणे आणि त्या मुदतीत माणसे शोधणे हे अधिक शहाणपणाचे आहे. चतुर्थीचे दिवस त्या मुदतीत येऊ देऊ नयेत, एवढे गोव्यात वेगळे सांगायला नको.

मोबाइल क्रमांकांच्या याद्या विकत घेण्याबाबत माझे मत प्रतिकूल आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आहे आणि त्या व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर असली, तरी कोणी कोठून गोळा केलेली यादी त्या सवलतीत बसते हे विकत घेणाऱ्याला सिद्ध करता येणार नाही. व्यावसायिक फोन आणि संदेशांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियमही लागू आहेत.

आयात-निर्यातीच्या नोंदी

व्होल्झासारख्या सेवा कोणी काय आयात केले आणि काय निर्यात केले ते दाखवतात. परदेशी पंप किंवा व्हॉल्व्ह आयात करणाऱ्या कारखान्याला देशी पर्याय विकणे ही कल्पना मोहक आहे. परंतु आयात-निर्यात संकेतांक पॅनवर असतो आणि पत्ता मुख्यालयाचा येतो. बंदरही पुष्कळदा मुरगावऐवजी न्हावा शेवा असते, म्हणजे गोव्याचा मागमूस दोन्हीकडून पुसला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०२२ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए घालून आयातदार-निर्यातदारांचा तपशील, मालाचे मूल्य किंवा प्रमाण प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा ठरवला आहे. भारतीय नोंदी कोठून आणल्या याचे लेखी उत्तर विक्रेता देत नसेल तर विषय तेथेच सोडावा.

कोणी काय घ्यावे

खोके, पॅलेट, ड्रम असा पुन्हा पुन्हा लागणारा आणि लांब न जाणारा माल असेल तर मोठ्या वर्गणीची गरजच नाही. ‘३०’ आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ‘२७’ व ‘२९’ क्रमांकांची पडताळलेली यादी, गोवा चेंबर किंवा वसाहतीतील उद्योजक संघटनेचे सदस्यत्व आणि विनामूल्य सूची एवढे पुरेल. ठरावीक मापाचा माल देशभर पाठवणाऱ्याने सूचीच्या संकेतस्थळाची सशुल्क श्रेणी घेऊन पाहावी. टाक्या, कन्व्हेयर, पॅनेल यांसारखी कामे करणाऱ्याने तारण आणि पर्यावरण मंजुरीच्या नोंदी दरमहा पाहाव्यात, आणि त्यांतून नाव निघाले की मगच माणसांच्या भांडाराकडे वळावे. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रम हे गिऱ्हाईक हवे असेल तर २०१६ पासून चालू असलेले जेम हे सरकारी खरेदीचे संकेतस्थळ आणि लघुउद्योग म्हणून लाभ मिळण्यासाठी उद्यम नोंदणी यांना पर्याय नाही. केंद्रीय खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी असे धोरण आहे, आणि वास्कोचे गोवा शिपयार्ड आपल्या दाराशीच आहे.

कोणतीही वर्गणी भरण्याआधी विक्रेत्याला आपल्या माहितीतील दहा कारखान्यांची नावे द्यावीत: काही वेर्ण्यातील, काही कुंडईतील, एखादा डिचोलीतील भागीदारीचा. ती त्याच्याकडून आपल्या डोळ्यांसमोर शोधून घ्यावीत आणि किती ठिकाणी कारखान्याचा पत्ता येतो, किती ठिकाणी मुख्यालयाचा, आणि किती नावे मुळीच सापडत नाहीत ते लिहून ठेवावे. यादी आपल्या संगणकावर उतरवून घेता येते का आणि वर्गणी संपल्यावर ती वापरता येते का, हेही तेव्हाच लेखी घ्यावे. दहापैकी निम्म्या कारखान्यांचा पत्ता मुंबईचा निघाला, तर सवलत कितीही मोठी असली तरी वर्षभराचे पैसे एकदम भरू नयेत.