‘पासिंगला चालतात’ म्हणून विकलेले दिवे

समुद्राजवळ राहणाऱ्यांची गाडी जुनी झाली की आधी तिचे दिवे मंदावतात. इंजिन ठणठणीत असतं, गिअर नीट पडतात, पण रात्री समोरचा रस्ता दिसत नाही. खारी हवा पत्रा खाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीच हवा हेडलाइटच्या आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी घालवते आणि वायरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढवते, ते मात्र बाहेरून कळत नाही. आमच्या या अडचणीवर एका दुकानदाराने दोन वेळा पैसे उकळले, गाडीची वायरिंग कापली आणि बेकायदा दिवे ‘सरकारमान्य’ म्हणून गळ्यात मारले. गणपती आणि मे महिन्याच्या तोंडावर अशी दुकानं जोरात चालतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी २००८ ची वॅगन आर, बाबांच्या नावावर. घर गुहागर तालुक्यात. मुंबईहून येणारी घरची माणसं चिपळूण स्टेशनला उतरतात, तीही बऱ्याचदा अपरात्री किंवा पहाटे. त्यांना आणायला जायचं म्हणजे शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर अंधारातून जायचं. वळणावर गुरं बसलेली, कडेला चिऱ्याचे गडगे, पावसात साइडपट्टी कुठे संपते आणि गटार कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. बाबा सत्तरीला आले आहेत. त्यांना नीट दिसावं एवढीच आमची गरज होती.

महामार्गालगत गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं एक मोठं दुकान आहे, तिथे गेलो. नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. दुकानदाराने बॉनेट उघडलं, दिव्यांकडे एक नजर टाकली आणि बाबांना म्हणाला, “काका, कंपनीचे बल्ब म्हातारे झालेत. हे जर्मन बल्ब टाका, साठ-पंचावन्नच आहेत, कायद्यात बसतात.” खोक्यावर खरोखर ६०/५५ वॅट छापलेलं होतं. या गाडीला एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब लागतो. एकाच बल्बात अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (खालचा, जवळचा झोत) अशा दोन तारा, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. म्हणजे कागदावर सगळं बरोबर. जोडीचे अठराशे रुपये घेतले.

उजेड लख्ख पडला. ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही ती याचमुळे. दुकानाबाहेर पडताना माणूस खूश असतो.

पावसाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि डावा दिवा मधेच विझायला लागला. बॉनेट उघडलं की जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा. बल्बमागचा होल्डर ओढून बघितला, तर एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पिन आत खचली होती. पुन्हा त्याच दुकानात गेलो. त्याने होल्डर हातात घेतला आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “बघा, तुमची वायरिंग जुनी आहे, तिला लोड सोसत नाही. एलईडी टाका. करंट कमी खातो, उजेड दुप्पट.”

यातला एक भाग खरा आहे, एलईडी कमी करंट घेतो. त्या खऱ्या भागाच्या आडून त्याने पुढचं सगळं खोटं विकलं. “पासिंगला चालतात का?” असं बाबांनी स्पष्ट विचारलं. त्याने भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद काढून दाखवला. पुण्याच्या एआरएआयचं, म्हणजे गाड्या आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव, शिक्का, एक लांबलचक नंबर. शिवाय मोबाइलवर एक बातमी दाखवली, जर्मनीत एलईडी बल्बना परवानगी मिळाल्याची. बेचाळीसशे रुपये घेतले, लेबरचे पाचशे वेगळे, पाच वर्षांची वॉरंटी तोंडी. बिल मागितलं तर वहीच्या पानासारख्या कागदावर ‘लाइट फिटिंग’ एवढंच लिहून दिलं, त्यावर ना जीएसटी नंबर, ना मॉडेल. पैसे मी फोनवरून दिले आणि दुकानातच खोक्याचे आणि त्या कागदाचे फोटो काढून ठेवले. ते पुढे उपयोगी पडले.

एलईडी बसल्यापासून समोरून येणारा प्रत्येक जण दिव्यांची उघडझाप करून डिपर मारू लागला. आमचा दिवा खालीच होता, तरी मारायचे. एका रात्री मार्गताम्हान्याच्या अलीकडे रस्ता अरुंद होता, तिथे समोरून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, काच खाली केली आणि बाबांना म्हणाला, “काका, मागे चाळीस माणसं बसलीत माझ्या. तुमच्या लायटीनं मला पुढचं काय दिसत नाय.” आवाज चढवला नव्हता त्याने. त्या रात्री घरी येईपर्यंत समोरून गाडी दिसली की बाबा कडेला थांबत होते.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गाडी शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर लावली. ही परीक्षा कुणालाही करता येते, तिला पैसा लागत नाही. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढायची. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी, आणि ती कड ठळक हवी : वर अंधार, खाली उजेड. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, म्हणजे आपली साइडपट्टी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही. आमच्या भिंतीवर कड नव्हतीच. रेघेच्या वर छपरापर्यंत उजेड पसरला होता आणि खाली, जिथे रस्ता दिसायला हवा, तिथे मधोमध काळपट डाग होता.

याचं कारण कळलं तेव्हा दुकानदाराचा राग आणखी आला, कारण रोज हाच धंदा करणाऱ्याला ते ठाऊक नसणं शक्य नाही. एच४ बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. तार आणि वाटी कुठे असणार, हे मिलिमीटरपर्यंत धरून कंपनीने रिफ्लेक्टरचा आकार घडवलेला असतो. त्या जागी दोन बाजूंना चिप लावलेली जाडजूड पट्टी आली की सगळं गणित बिघडतं. उजेड वाढतो, पण रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत, झाडांच्या शेंड्यांवर आणि धुक्यावर पडतो. बाबांच्या तपासणीसाठी कराडला जाताना कुंभार्ली घाटात आम्ही ते भोगलं. धुकं उतरलं होतं आणि दिवे लावले की समोर पांढरा पडदा. दिवे बंद करून, पार्किंग लाइटवर, एका ट्रकच्या मागून घाट चढलो.

त्याच वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग गाडी तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. आरटीओच्या निरीक्षकांनी दिवे लावायला सांगितले आणि लगेच बंद करायला सांगितले. मी फोनमधला त्या कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला आणि म्हणाले, “हे प्रमाणपत्र मालवाहू गाडीच्या मागच्या दिव्याचं आहे. तुमच्या बल्बचा याच्याशी काय संबंध?” मॉडेल नंबर ताडून बघितला. खोक्यावरचा वेगळा, कागदावरचा वेगळा. शिक्का खरा असेल, पण तो दुसऱ्याच कुणाच्या दुसऱ्याच वस्तूचा.

त्यांनी समजावून सांगितलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला माहीत हवं. मान्यता मिळते ती अख्ख्या दिव्याला, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब यांच्या ठरलेल्या जोडीला. हॅलोजनसाठी मान्य झालेल्या दिव्यात एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब घातला की ती मान्यता उरत नाही, बल्बच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. जर्मनीची बातमीही मी नंतर नीट वाचली. तिथे २०२० पासून परवानगी मिळाली आहे ती ठरावीक बल्बला, ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरती, यादी बघून. आपल्या रस्त्यावरच्या वॅगन आरला त्याचा काडीचा आधार नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-ए (४) नुसार बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लक्षात घ्या, हे मालकाला. विकणारा गल्ल्यावर बसून राहतो आणि पावती फाटते ती आपल्या नावाने. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ दिव्यांच्या झोताबद्दलच आहे : दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपता कामा नये. समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

दुकानदाराकडे परत गेलो तर त्याचा सूरच बदलला. “आरटीओवाले असंच करतात. आमचा एजंट आहे, दोन हजार द्या, पास करून आणतो.” कंपनीचे मूळ बल्ब मागितले तर म्हणे फेकून दिले. एलईडी बसवताना त्याने मूळ कपलर, म्हणजे बल्बमागचा वायरीचा जोड, कापून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळली होती. त्यामुळे जुने बल्ब मिळाले असते तरी बसवायला जागा नव्हती.

शेवटी चिपळूणच्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पहिल्या ‘जर्मन’ जोडीतला धड राहिलेला बल्ब मागून घेतला आणि मीटर लावून बॅटरीवर पेटवला. डिपरला साडेसात अँपिअरच्या आसपास करंट जात होता. ५५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टला साडेचार-पाच अँपिअर घेतो. म्हणजे खोकं ६०/५५ चं आणि आत १००/९० चा बल्ब, जो रस्त्यावर वापरायला मुळात परवानगीच नाही. होल्डर वितळला तो त्यामुळे, वायरिंग म्हातारी झाली म्हणून नव्हे. पहिली फसवणूक दुसऱ्या विक्रीचं कारण म्हणून वापरली गेली होती.

मग मामांनी मूळ दुखण्याला हात घातला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, चौदा व्होल्ट. डिपर चालू असताना होल्डरवर लावला, बारालाही थोडं कमी. “बल्ब काय करील बिचारा? त्याच्यापर्यंत पोचतंय कुठे?” हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. आमचा उजेड त्या हिशेबाने जवळपास निम्म्यावर आलेला होता. बंपरच्या मागे अर्थिंगचा बोल्ट होता. तो पान्याने हलवताच वायरीचं टोक तुटून हातात आलं, आतली तार हिरवी भुकटी झाली होती. मामांनी तो पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, नवी रिंग लावली, वर पेट्रोलियम जेली चोपडली. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकले, म्हणजे दिव्यांचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरत नाही. नवे होल्डर, साधे ६०/५५ चे चांगल्या कंपनीचे बल्ब. डाव्या दिव्याचा रिफ्लेक्टर आतून काळवंडला होता, म्हणून तेवढा अख्खा दिवा कंपनीचा घेतला. मग भिंतीवर फोकस लावून दिला. तो दिवा सोडला तर सगळा खर्च एलईडीच्या निम्म्यात झाला. गाडी पास झाली आणि बाबांना रात्री साइडपट्टी दिसते.

दुकानदाराविरुद्ध मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे दिल्याची फोनमधली नोंद, कच्चं बिल, खोक्याचे आणि कागदाचे फोटो जोडले. त्यानंतर त्याने एलईडीचे पैसे परत केले. पहिल्या बल्बचे आणि कापलेल्या वायरिंगचे द्यायला तो तयार नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करता येतो.

दुकान मात्र चालू आहे आणि तो कागद भिंतीवर तसाच आहे. तुमच्या गाडीत अशा दुकानातून बल्ब बसवलेले असतील तर डिपर अर्धा तास चालू ठेवा, मग दिवे आणि इंजिन बंद करून बल्बमागच्या होल्डरजवळ जपून हात न्या. चटका बसण्याइतका तो तापला असेल, प्लॅस्टिकचा रंग बदलला असेल किंवा वास येत असेल, तर रात्रीचा प्रवास पुढे ढकला आणि आधी वायरमन गाठा. बल्ब काढलेत तरी फेकू नका, खोक्यासकट ठेवा. माझ्या तक्रारीत सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरतो आहे.