डॉजिंग की बर्निंग?

डार्करूममध्ये फोटो छापताना एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून खाली पाडणारं यंत्र) फोटोच्या कागदावर जितका जास्त प्रकाश पडेल तितका तो भाग काळा होतो; डॉजिंग (एखादा भाग उजळ ठेवणं) आणि बर्निंग (एखादा भाग गडद करणं) या दोन्ही युक्त्या यावरच चालतात. डॉजिंगमध्ये तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मूळ एक्स्पोजर (कागदावर प्रकाश पाडणं) चालू असतानाच त्या भागावर हलवत राहायची, म्हणजे सावलीतला चेहरा उजळतो. एक्स्पोजर 10 सेकंदांचं असेल तर हाताशी तेवढाच वेळ. चकती जरा थबकली की कडा उमटलीच. बर्निंग त्यामानानं निवांत. मूळ एक्स्पोजर संपल्यावर भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून, नाहीतर नुसत्या हातांच्या फटीतून, पांढऱ्याफटक आभाळाला आणखी 20 सेकंद प्रकाश द्या. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत. फोटोशॉपमध्ये या साधनांची चिन्हं आजही तीच आहेत: काडीवरची चकती आणि वळवलेला हात.