सोफा की कोच?

आज दोन्ही शब्द एकाच वस्तूसाठी सर्रास वापरले जातात, पण त्यांची कुळं अगदी वेगळी.

‘सोफा’ मूळचा अरबी ‘सुफ्फा’. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीत छपराखालची एक जागा होती, तिथे बेघर अनुयायी राहत. त्या जागेलाही सुफ्फाच म्हणत. पुढे तुर्कीमार्गे युरोपात पोचलेला हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता गालिचे आणि उशा मांडलेला, जरा उंच असा ओटा. पाठ आणि हात असलेलं गुबगुबीत आसन हा अर्थ नंतरचा.

‘कोच’ (इंग्रजी उच्चार ‘काउच’) इंग्रजीत त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात आला. त्याच्यामागे जुन्या फ्रेंचमधलं ‘आडवं होणं’ हे क्रियापद आहे, आणि त्याच्याही मागे लॅटिन ‘कोलोकारे’, म्हणजे जागेवर ठेवणं. म्हणून सोफा बसण्याचा आणि कोच लवंडण्याचा, असं मी मानते. मनोविश्लेषक फ्रॉइडचे रुग्ण ज्यावर पडून बोलत, त्याला इंग्रजीत कोचच म्हणतात, ते मला अगदी चपखल वाटतं. बाकी अमेरिकेत ‘कोच’ जास्त ऐकू येतो, ब्रिटनमध्ये ‘सोफा’.

मराठीत जुन्या पिढीच्या तोंडी कोच होता, आता घरोघरी सोफासेट आहे. क्रिकेटचा कोच मात्र या घराण्यातला नव्हे. तो शब्द आला घोडागाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हंगेरीतल्या कोच या गावावरून.