साधे पॅक्लिटॅक्सेल की अल्ब्युमिनचे नॅनोकण?

ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे ग्राहक आणि एचईआर२ हे प्रथिन फारसे नसलेला) स्तनकर्करोग पसरलेल्या आईला इम्युनोथेरपीबरोबर, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या उपचाराबरोबर, कोणते पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध द्यावे, असे एका मुलीने विचारले. औषध एकच आहे, फरक वाहकाचा आहे. साधे पॅक्लिटॅक्सेल क्रेमोफोर या द्रावकात मिसळलेले असते. त्याची ॲलर्जी टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड द्यावे लागते, आणि स्टेरॉइड तर प्रतिकारशक्तीच दडपते. दुसऱ्या प्रकारात औषध अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते; त्याला असे द्रावक लागत नाही, त्यामुळे स्टेरॉइड सहसा टळते.

परिणामांचे चित्र मात्र सरळ नाही. नॅनोकणांना ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर, गाठीत पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन) असलेल्या रुग्णांत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ५ वरून ७.५ महिन्यांवर गेला. साध्या औषधाला तीच जोड देऊन तसा लाभ दिसला नाही. तरीही पेम्ब्रोलिझुमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपी औषधाच्या चाचणीत दोन्ही प्रकार वापरले गेले आणि पीडी-एल१ भरपूर असलेल्यांना फायदा झाला, म्हणून सारे श्रेय स्टेरॉइड टळण्याला देणे मला घाईचे वाटते.

हातापायांची बधिरता दोन्हींत येते. नॅनोकण महाग पडतात. मधुमेहामुळे स्टेरॉइड सोसत नसेल किंवा पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर नॅनोकण योग्य. पेम्ब्रोलिझुमॅब मिळणार असेल आणि खर्चाची ओढाताण असेल, तर साधे औषध स्वीकारण्यास हरकत नाही.